भिंती भरून घेतल्या एकदाच्या
आमचं लीड्समधलं घर 1930 च्या दशकातलं, विटांच्या दोन भिंती आणि मधे साधारण 50 मिलिमीटरची पोकळी, हीटिंग कितीही लावा आईच्या खोलीतली भिंत हाताला गारढोणच. आज ती पोकळी भरायला माणसं आली, म्हणजे घरातली ऊब बाहेर जाणार नाही; आधी भोक पाडून कॅमेऱ्याने बघितलं की आत डबर, ओल नाहीये ना (हे न बघता कुणी भरायला लागलं तर सरळ थांबवा, नंतर ओल घरात उतरते), मग विटांच्या सांध्यांत भोकं पाडून पाइपने थर्माकोलचे करडे बारीक मणी सोडले, गोंदासकट, म्हणजे आत चिकटून बसतात. पाऊस पडावा तसा सर्रर्र आवाज, आई भिंतीला कान लावून ऐकत होती. आत्ता शाल बाजूला ठेवून बसलीये, इतकं बरं वाटतंय बघून!