डोमेन तुमच्याच नावावर का, तुम्ही विचारलंत म्हणून

"डोमेन तुम्हीच घेऊन टाका ना मॅडम, आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

हे मी नौपाड्यात ऐकलंय, वागळे इस्टेटमध्ये ऐकलंय, वाशीच्या मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर शिंका आवरत ऐकलंय. वेबसाइट करून द्यायचं माझं कोटेशन मान्य असतं, ॲडव्हान्सही आलेला असतो. मग मी सांगते की डोमेन, म्हणजे साइटचा तो डॉट कॉमवाला पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्यायचं, मी शेजारी बसते. तिथे चेहरे उतरतात. हजारेक रुपयांच्या वस्तूसाठी ही बाई आपल्याला ओटीपी शोधायला लावतेय! परवा एका सीएंनी तर सरळ विचारलं, "तुम्हाला जबाबदारी नको असते का?"

हो, नको असते. पण तेवढंच असतं तर मी दर वेळी वाद घातला नसता.

२०१२ साली कोपरीतल्या घरी बसून हे काम सुरू केलं तेव्हापासून नऊ वर्षं सगळ्या ग्राहकांची डोमेन माझ्याच एका अकाउंटमध्ये होती. कारण विचारलं की म्हणायचे, लोक पासवर्ड हरवतात, त्यांना त्रास नको. हे खरंही होतं. दुसरं कारण मी कुणाला सांगत नसे. डोमेन माझ्या हातात असलं की शेवटचा हप्ता बुडत नाही. घोडबंदर रोडच्या एका जिमवाल्याने तीन महिने "उद्या करतो" केलं, तेव्हा मी त्याचे नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ती नोंद, बदलून साइट बंद पाडली. संध्याकाळपर्यंत पैसे आले. नाक दाबलं की तोंड उघडतं. त्या रात्री मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता काकूंचं.

घंटाळीजवळ एका काकूंचा फराळाचा धंदा आहे. घरच्याच स्वयंपाकघरात. त्यांची साइट मी केलेली. इथली गिऱ्हाइकं फोन करतात किंवा दारात येतात, पण अमेरिकेतल्या ऑर्डरी साइटवरूनच यायच्या, आणि वर्षाची निम्मी कमाई दिवाळीच्या सीझनच्या तीन आठवड्यांत. २०२१ची दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. पार्सलं कोजागिरीच्या आत निघाली नाहीत तर लक्ष्मीपूजनाला तिकडे पोचतीलच असं नाही, हा काकूंचा हिशोब. म्हणजे नवरात्र हाच त्यांचा खरा सीझन.

डोमेनची मुदत ६ ऑक्टोबरला संपत होती. ऑटो-रिन्यू, म्हणजे पैसे आपोआप कापून मुदत वाढवणं, चालू होतं, माझं कार्ड जोडलेलं होतं, मी निश्चिंत. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला होता. नव्या पद्धतीने मँडेट, म्हणजे आगाऊ परवानगी, नोंदवलेलं नसेल तर कार्डावरून दर खेपेचे पैसे आपोआप कापले जाणार नाहीत. नियम ग्राहकाच्याच भल्याचा. माझ्या बँकेचा एसएमएसही आला होता. तो वाचून माझ्या मनात आलं ते नेटफ्लिक्स. अकाउंटमधली एकतीस डोमेन आलीच नाहीत.

मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवणं डोमेन विकणाऱ्या कंपन्यांना आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, धोरणाने बंधनकारक आहे. म्हणजे मला तिन्ही मेल आले होते. ते गेले 'क्लायंट्स'साठी म्हणून काढलेल्या एका जुन्या जीमेलवर, जिथे चार हजारांवर न वाचलेले मेल पडून होते.

१७ तारखेला, दसऱ्यानंतरच्या रविवारी, काकूंचा फोन आला. "अगं, न्यू जर्सीची ती नेहमीची विचारतेय, काकू, साइट विकायला काढलीत का?"

मी साइट उघडली. चकलीच्या फोटोच्या जागी परक्या जाहिराती, आणि वर इंग्रजीत, हे डोमेन विक्रीस असू शकतं. आठ तारखेपासून हे असं होतं. नऊ दिवस. ऑर्डरीचा ईमेलही त्याच डोमेनवरचा, त्यामुळे त्यावर कुणी लिहिलं असेल तर तेही गेलं.

दुरुस्तीला लागली दहा मिनिटं. डॉट कॉम नाव मुदत संपल्या संपल्या हातचं जात नाही. बऱ्याच कंपन्या काही आठवडे नेहमीच्याच भावात रिन्यू करू देतात, पुढचे ३० दिवस जबर दंड घेऊन, मग पाच दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर नाव ज्याला मिळेल त्याचं. मी पहिल्याच टप्प्यात होते. हजाराच्या आसपास पैसे भरले, ओटीपी टाकला, दोनेक तासांत चकली परत दिसायला लागली. कोजागिरी दोन दिवसांवर होती.

तरी मी काकूंकडे गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. ओट्यावर भाजणीचे स्टीलचे डबे उभे होते, झाकणांवर खडूने तारखा. गिरणीतून चाळीस किलो दळून आणलेली, त्यातली जेमतेम दहा उठली होती. सोऱ्या धुऊन पालथा घातलेला. दरवर्षी मदतीला दोघीजणी असतात, त्या दिवशी एकच होती. "कळव्याच्या तिला म्हटलं, या वर्षी नको येऊस," काकू म्हणाल्या. "कोविडने लोकांच्या हातात पैसाच नाही गं. ऑर्डरीच नाहीत."

मी तिथे बोलायला हवं होतं. वाक्य अगदी सोपं होतं, रिन्यूअल माझ्याकडून राहिलं. त्याऐवजी मी म्हटलं, "सर्व्हरला प्रॉब्लेम होता काकू. कंपनीकडूनच."

"असं होय," त्या म्हणाल्या. "आणि रविवारचं एवढं धावत आलीस, त्याचे किती झाले तुझे?"

मी म्हटलं, "राहू दे काकू." उपकार केल्यासारखं!

म्हणून तुमच्या नावावर. पुढच्या जानेवारीपासून, सीझन उलटल्यावर, मी एकतीसच्या एकतीस डोमेन ज्याची त्याला द्यायला घेतली. त्यालाच चार महिने गेले, कारण कुणाला कळतच नव्हतं की त्यांचं काहीतरी माझ्याकडे आहे. जिमवाला म्हणाला, "म्हणजे ते माझंच होतं?"

तर आता माझ्या समोर बसून काय करायचं ते ऐका. अकाउंट तुमचं, आणि त्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पेटीत जाऊन पडते. मोबाइल नंबर मालकाचा, दुकानातल्या पोराचा नाही. पोरं नोकरी सोडतात. एका वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा भाव आधी विचारा. जमलं तर पाच वर्षांचं एकदम भरा, दहापर्यंत भरता येतं. ऑटो-रिन्यू चालू ठेवा पण त्यावर विसंबू नका. माझ्याकडे तुमची मुदत लिहिलेली असतेच, भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने, आणि मी फोन करते. डोमेन कुठे आहे हेच माहीत नसेल तर हूइजसारख्या लुकअप पानावर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या साइटवर, नाव टाकून बघा. मालकाचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं, पण कुठल्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं.

एवढं सगळं बोलून झाल्यावरही २०१४ची मी, सगळी डोमेन स्वतःच्या हातात ठेवणारी, शेजारी बसलेली असते. ती म्हणते, बरं झालं का पण? नेरुळच्या क्लासवाल्या सरांचं डोमेन त्यांच्याच नावावर होतं, मेलही वेगळा होता, मी दोनदा फोन केला. त्यांनी भरलं नाही, साइट दहावीच्या ॲडमिशनच्या तोंडावर बंद पडली, आणि बोल मलाच लावले. वागळे इस्टेटमधल्या एकाने शेवटचे अठरा हजार दिलेच नाहीत. डोमेन त्याचं, त्याने ते उचलून दुसऱ्या होस्टिंगवर फिरवलं, माझंच काम तिथे चढवलं, आणि मी बघत बसले. तुझ्या अकाउंटमध्ये असतं तर, असं ती म्हणते. तिला उत्तर नाही माझ्याकडे. हल्ली मी ॲडव्हान्स पन्नासऐवजी सत्तर टक्के घेते. त्यावरूनही तुम्ही विचारताच, पण ते पुन्हा केव्हातरी.

काकूंचं डोमेन आता काकूंच्या नावावर आहे. बदलताना त्यांनी विचारलं होतं, आत्ताच का? मी म्हटलं, बँकेचे नियम बदललेत. ते खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. रिन्यूअलचं म्हणून साडेसहा हजारांचं बिल मेलवर आलेलं, वर मोठा शिक्का, खाली उद्याची तारीख. बनावट बिलं अशी येत असतात, भलत्याच कंपन्यांची. मी म्हटलं, "भरू नका काकू, खोटं आहे ते."

"तुला बरं लगेच कळतं गं," त्या म्हणाल्या. मग भाजणी दळून आलीय, घेऊन जा, म्हणाल्या. अजून गेले नाहीये.