सोनखलियाचा तणमोर: गाडी डांबरीवरच सोडा

राजस्थानात अजमेरहून नसीराबादच्या पुढे सोनखलियाला तणमोर (माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी) बघायला जाणार असाल, तर ‘अगदी जवळून दाखवतो’ म्हणणाऱ्या जीपवाल्याला सरळ नकार द्या. तो मूग-उडदाच्या शेतात गाडी घालतो, मादीला खुणावणारा नर उड्या थांबवून पिकात दबतो, आणि वर पक्षी दाखवल्याचे वेगळे पैसे लावले जातात. भाडं दिवसाचं ठरवा, पक्ष्यागणिक नको.

पावसानंतर शेतवाटा भयंकर होतात. दोन्हीकडे काटेरी कुंपण, मध्ये चिखल, गाडी वळवायला जागाच नाही. रुतली की ढकलण्यात पहाट जाते, आणि नर सर्वांत जास्त नाचतो तो पहाटे आणि संध्याकाळी. रात्री पाऊस झाला असेल तर गमबूट चढवून चालत जा. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधही ओलांडू नका.

जुलै-ऑगस्ट हे नेमके दिवस. काळा नर पिकातून दीड-दोन मीटर उसळतो, पण आधी कानावर येतो तो खडखडाट. दिवसात पाचशेपर्यंत उड्या होतात. निदान दीडशे मीटरवर स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) लावा. २० पटीच्या पुढे झूम केलंत तर उडी चौकटीबाहेर जाते. एकच नर निवडा, पंधरा मिनिटं त्याच्या उड्या मोजा. उडीची वेळ, वारा, ढग, पिकाची उंची, शेजारच्या नराचा आवाज, सगळं टिपा. एकही उडी नसलेली पंधरा मिनिटंही लिहायचीच, ती गाळली की सरासरी फुगते. नराची जागा काढायला आत शिरू नका, दोन ठिकाणांहून होकायंत्राने दिशा घ्या.

आता जोडीदार निवडीबद्दल. निवड मादी करते. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं तिच्या एकटीवर, नराचा वाटा समागमापुरताच. नर एकमेकांपासून दूर, पण आवाजाच्या टप्प्यात असतात. मादी नराहून मोठी, मातकट रंगाची, पिकात बसली की दिसतच नाही. म्हणून दोन-चार दिवसांच्या वहीतून ‘जास्त उड्या मारणारा नर मादीला आवडतो’ असं काढणं साफ चूक आहे. ते उड्यांचे आकडे आहेत, पसंतीचे नाहीत. पसंतीसाठी कोणत्या नराकडे मादी आली याची हंगामभर नोंद लागते.

घरटं शोधू नका. अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि तुमच्या पायवाटेने कुत्री तिथवर पोचतात. हा पक्षी २०२१पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अकोला-वाशिमच्या माळावर दिसला तरी फोटोसोबत ठिकाण टाकू नका, फक्त तालुका लिहा, तोही हंगाम संपल्यावर.