रुमालाखालचा भाव

माळेगावच्या यात्रेत आप्पा बैल घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभा असायचो. दलाल उपरण्याखाली हात घालून आप्पांची बोटं दाबायचा, मग तोच हात बैलवाल्याकडे न्यायचा. भोवती वीस माणसं, पण आकडा कुणालाच कळायचा नाही. दोन्हीकडचा पुरता भाव एकट्या दलालाला ठाऊक. मोंढ्यातला तुरीचा लिलाव मात्र उघडा. कोण किती बोलला, कुणी मान फिरवली, सगळं दिसायचं. बँकेतून निवृत्त होऊन परभणीत मोबाईलवर नाण्यांच्या लिलावात उतरलो, तर हे दोन्ही बाजार तिथे पुन्हा भेटले.

नोंदणी एका संध्याकाळीच झाली. पॅन, पत्ता, एका ठिकाणी अनामत. टोपणनाव मागितलं तेव्हा मी आमच्या गावाचं नाव टाकलं. ही चूक नंतर महागात पडली.

पहिला लिलाव उघड होता. बोली टाकली की टोपणनाव आकड्यासकट सगळ्यांना दिसे. यादीत मुहम्मदशाहाचा एक चांदीचा रुपया होता, खाली ‘टांकसाळ वाचता येत नाही’ अशी टीप. मुघल नाण्यांचं हे दुखणंच आहे. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे काठावरचा मजकूर चकतीबाहेर जातो आणि टांकसाळीचं नाव नेमकं तिथंच अर्धवट राहतं. आप्पा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, लिपी त्यांनीच मला शिकवली होती. फोटो मोठा करून अक्षरं जुळवत बसलो. रात्री अकराला जुळलं: ‘खुजिस्ता बुनियाद’. म्हणजे आपलं औरंगाबाद. मुघल नाण्यांवर ते शहर या नावानंही येतं.

दोन दिवस त्या रुपयाकडे कुणी फिरकलं नव्हतं. मी 3,000 ची बोली लावली आणि तासाभरात तिघं आले. 8,000 ला मी हात आखडला. नाणं 9,400 ला गेलं. एवढ्या लोकांना ते नाव एकाच रात्री कसं वाचता आलं, हे मला कळेना.

मग ठरवलं, झाकलेला लिलाव बरा. दुसऱ्या एका ठिकाणी बोलीदारांची नावं कुणालाच दिसत नव्हती, फक्त चालू भाव आणि एकूण बोली. तिथे मुहम्मद तुघलकाचा दौलताबादचा पितळी टंका होता. 1329 ते 1332 च्या दरम्यान सुलतानानं चांदीच्या टंक्याच्या मोलानं पितळेची नाणी चालवली. ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची आज्ञा पाळतो’ असं त्यावर कोरलं. लोकांनी आज्ञा फार मनावर घेतली नाही, घरोघर तशीच नाणी पाडली. शेवटी खजिन्यातून चांदी देऊन ती परत घ्यायची वेळ आली.

मी कमाल बोली 9,000 ठेवली. असा आकडा ठेवला की यंत्र आपल्या वतीनं लागेल तेवढीच एकेक पायरी चढतं. समोरचा 5,200 ला थांबला तर आपल्याला 5,400 ला मिळावं. पाच दिवस भाव 5,400 वरच होता. शेवटच्या रात्री कुणीतरी दोनशे-दोनशेनं चढायला लागला आणि 8,800 वर गप्प झाला. नाणं मला पडलं, पण 9,000 ला, म्हणजे माझ्या कमाल आकड्यालाच. वर 15 टक्के कमिशनचे 1,350, जीएसटी आणि कुरिअर वेगळं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या नाण्याला पुन्हा तसंच झालं. मेल करून विचारलं, समोरचा बोलीदार खरा होता का, की भाव चढवायला बसवलेला? उत्तर आलं की गोपनीयतेमुळे माहिती देता येत नाही.

दोनदा झालं म्हणून तो पुरावा होत नाही. नाण्याचा बाजारभाव मला कळतो तसा दुसऱ्यालाही कळत असेल, तोही त्याच आकड्याशी थांबेल. पण मोंढ्यात असतो तर त्याचं तोंड तरी बघितलं असतं.

तोंड नाही, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी मला पुढे एका उघड लिलावात दिसलं. चारमिनारचा हाली रुपया, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्याचा. कमानीत ‘मीम’ हे उर्दू अक्षर, म्हणजे सहावे निजाम महबूब अली खान यांचा. बोलींची यादी उघडली. अर्धं नाव तारांकित करून झाकलेलं, तरी एकच माणूस ओळखू येत होता. त्याच विक्रेत्याच्या सहा नाण्यांवर तो थोडं थोडं चढत गेला होता आणि एकही जिंकला नव्हता. मी मोबाईल खाली ठेवला.

आता सगळीकडे मिळणारं नाणं मी उघड लिलावातच घेतो, बोलींची यादी वाचून. ज्यात मला दुसऱ्यांपेक्षा जास्त काही दिसतं, ते झाकलेल्या लिलावात, कमिशन धरून आकडा ठरवून, शेवटच्या मिनिटाला. काही ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की वेळच वाढते, तिथे ही हुशारी चालत नाही. नाणं आलं की आधी वजन करतो. हाली रुपया 11.18 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया 11.66. आप्पांचा हिशेब अजून तोंडपाठ आहे, सात हालीचे सहा कलदार.

सहा महिन्यांनी संभाजीनगरच्या नाणे प्रदर्शनात एका तरुण संग्राहकानं तो मुहम्मदशाही रुपया माझ्यापुढे धरला.

“काका, घेतला खरा, पण टांकसाळ काही लागेना. तुम्हाला लागते का बघा.”

“न वाचताच 9,400 दिले?”

“तुमच्या गावाचं नाव दिसलं ना बोलीत. काका उतरलेत म्हणजे त्यात काहीतरी असणारच. बाकीचे दोघंही तसेच आले होते.”

मी त्याला अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं. पोरगं खूश झालं, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत हळूच विचारलं, “काका, हल्ली कुठल्या नावानं बोलता?”

“साखर कमी सांग,” मी म्हणालो.