गोलाईतला लेफ्ट

आज काकूला घेऊन लातूरच्या गंजगोलाईत गेलो. १६ रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथं मोबाइलमधली बाई शांतपणे म्हणते, लेफ्ट घ्या. कोणता लेफ्ट, बाई? दोन चकरा झाल्या तशी मागून काकू, “आरं, तिला काय इचारलालास, माणसाला इचार की!”

तेवढ्यात काकूचा फोन वाजला. भावकीच्या ग्रुपमधून कुणीतरी ‘लेफ्ट’ झालं होतं.

घरी येऊन या लेफ्टच्याच मागं लागलो. दिशेचा लेफ्ट जुन्या इंग्रजीत दुबळा, बिनकामाचा अशा अर्थाचा. ग्रुप सोडणारा लेफ्ट म्हणजे ‘लीव्ह’चं भूतकाळी रूप, त्याचं मूळच निराळं. नाव एक, भावकी वेगळी! राजकारणातले डावे मात्र १७८९ च्या फ्रान्समधले. राजाचे अधिकार कमी करा म्हणणारे सभेत अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसायचे, एवढंच निमित्त.

आणि राइटचं मूळ ‘सरळ’. आपला उजवाही ऋजु म्हणजे सरळ यावरूनच आलेला. दोघांचा खापरपणजोबा एकच. डाव्याला आपण तरी कुठं मान दिला म्हणा, ‘डावलणं’ त्यातूनच आलं. मी डावखुरा. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की चापट ठरलेली, आणि ती मारणारी हीच काकू.

तिला हे सगळं रंगवून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे. गुरुपातून गेलं कोण, ते बघ की आधी.”