तुम्ही विचारलंत म्हणून: पावसापेक्षा दवाची धास्ती

उघड्यावरच्या पहाटेच्या मैफलीत वाद्यं आणि माइक हवामानापासून कसे सांभाळायचे, हा तुमचा प्रश्न. ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवन तलावाच्या काठी दिवाळी पहाटेचा मंच उभा राहू लागला की येणारा-जाणारा एकच विचारतो, "पाऊस आला तर?"

पावसाचं त्या मानाने सोपं आहे. मिक्सरवर (सगळ्या माइकचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर) प्लास्टिक, केबलचे जोड आधीपासूनच विटांवर उचललेले, आणि पाणी मंचावर आलं की मेन बंद. लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आभाळ निरभ्र असतानाही वर चढू नये. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. मग कार्यक्रम थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मंच रिकामा ठेवायचा.

दव मात्र वर्दी देत नाही. पहाटे तलावाकाठी तबल्याचं चामडं ओल धरून सैल पडतं आणि सूर उतरतो. गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या गुंफलेल्या वेढ्यावर, वरून हातोडीने ठोकून तो चढवता येतो. फारच उतरला तर गठ्ठे (वाद्यांच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली सरकवावे लागतात. पेटी मात्र आपला सूर सोडत नाही, त्यामुळे तबल्यालाच तिच्याकडे जावं लागतं. घाईत कुणी तबला हॅलोजनसमोर धरतं. तसं करू नका, शाई (चामड्यावरचा काळा गोल लेप) तडकते. वाद्यं अर्धा-पाऊण तास आधी मंचावर आणून कापडाखाली ठेवा, म्हणजे हवेची सवय होते. एसी गाडीतून थेट बाहेर काढली तर गार धातूवर पाणी सुटतं; पेटीच्या पितळी स्वरांवर (आतल्या वाजणाऱ्या पट्ट्यांवर) आणि मिक्सरच्या आतही. निदान शेवटची पंधरा मिनिटं काचा खाली असू द्या. ओलीत कंडेन्सर माइक (नाजूक, बारीक आवाजही टिपणारे) चरचरू लागतात, म्हणून गायकाला डायनॅमिक, म्हणजे दणकट साधा माइकच द्यावा.

मग साडेसहा-पावणेसातला ऊन येतं आणि सगळं उलटं होतं. तेच चामडं ताणून सूर वर जातो. म्हणून मंचाची पाठ पूर्वेला असावी, मागचा पडदा सावली धरतो. मागच्या रांगांच्या डोळ्यांवर ऊन येतं खरं, पण बेसूर तबल्यापेक्षा ते बरं.

वाऱ्याचा त्रास माइकला कमी. फोम चढवला आणि मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचे, अगदी खर्जातले आवाज कापले की घरघर बरीचशी जाते. खरी भीती त्याच मागच्या पडद्याची. २० बाय १० फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ३६ किलोमीटरचा वारा सव्वाशेच्या आसपास किलोंचा जोर लावतो, वारा दुप्पट झाला की जोर चौपट. फ्लेक्सला चंद्रकोरी भोकं पाडून फारसा फरक पडत नाही. जाळीचं कापड लावा, चौकट मंचाला न बांधता वेगळ्या वजनावर उभी करा. जाळीवर प्रायोजकांची नावं फिकी दिसतात, आणि आयोजकांशी वाद होतो तो नेमका इथेच.