गाडी नापास झाली ती रांगेत

गाडी प्रदूषण चाचणीत पास झाली एकदाची. पण दुसऱ्या खेपेचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाडी 21 वर्षांची, पेट्रोलवरची. पहिल्यांदा प्रदूषण चाचणीत नापास झाली ते रास्तच होतं. एअर फिल्टर काळाकुट्ट, प्लग झिजलेले. दोन्ही बदलले, ऑइलही बदललं. मेकॅनिकने त्याच्याकडच्या मशीनवर बघितलं, सगळं मर्यादेत. मी निर्धास्त.

मग ती रांग. दीड तास! आधी इंजिन चालू ठेवलं होतं, तर एकाने येऊन बंद करायला लावलं. नंतर दर पाच मिनिटांनी गाडी चालू करायची, एक गाडीभर पुढे सरकायचं, परत बंद. नंबर लागला तेव्हा बॉनेटवर खुशाल हात ठेवता येत होता. मी म्हटलं, "दोन-तीन मिनिटं रेस करू द्या, गरम होऊ द्या." "मागे रांग बघा की," म्हणत चाचणीवाल्याने नळी सायलेन्सरमध्ये खुपसलीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर. निकाल लगेच हातात, वर सल्ला फुकट: "कॅट गेलाय, बदलून या."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. तो साधारण 250 ते 300 अंशांना कुठे काम सुरू करतो. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवणारा माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर जुन्या पद्धतीचा, आत हीटर नसलेला, सायलेन्सरच्या उष्णतेवरच जगणारा. तो थंड पडला की इंजिनच्या कॉम्प्युटरला काही कळत नाही आणि तो अंदाजाने जास्त पेट्रोल सोडतो. त्यामुळे नुसतं आयडलवर उभं राहूनही भागत नाही, त्यातही सेन्सर थंड पडतो.

हे सगळं मला घरी येऊन कागद नीट वाचल्यावर उमगलं. तोवर चिडचिड करण्यात संध्याकाळ गेली होती.

तिसऱ्या खेपेला एकही पार्ट बदलला नाही. उघडायच्या वेळेलाच पोचलो, त्याआधी अर्धा तास मोठ्या रस्त्यावर एक गिअर खालचा ठेवून पळवली. नंबर पहिला, इंजिन बंद केलंच नाही. पास.

हो, एक राहिलंच. जाण्याआधी सायलेन्सरला कुठे भोक नाही ना ते बघा. सेन्सरच्या आधी भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि पेट्रोल आणखी वाढतं.

आणि नापास झाल्याचा कागद फेकू नका. त्यावर लॅम्डा नावाचा आकडा असेल तर आधी तो बघा. 1 म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर. लॅम्डा 1 च्या आसपास असून कार्बन मोनॉक्साइड जास्त आला, तर कॅटवर संशय घ्या. हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, एकटाच वाढला असेल तर आधी प्लग बघा. माझा लॅम्डा होता 0.94, म्हणजे पेट्रोल जास्त. त्याच्याच मशीनने छापलेला आकडा, आणि म्हणे कॅट बदलून या!