रोमची उसनी गाय

लॅटिनमध्ये गायबैलाला ‘बोस’ म्हणतात. आपल्या गोठ्यातला, गवळ्यातला ‘गो’ त्याचाच सख्खा भाऊ. कुठे ग आणि कुठे ब! पण मूळ ध्वनी ‘ग्व’सारखा होता: ग म्हणतानाच ओठांचा चंबू करायचा. संस्कृतने त्यातला ग ठेवला, ओठ सोडून दिले. लॅटिनने शब्दारंभी उलटं केलं, ग टाकला आणि व ठेवला.

नाती जुळवताना एकट्यादुकट्या शब्दावर भिस्त ठेवू नये, त्याच ध्वनीचे आणखी दोन-तीन शब्द शेजारी मांडावेत. संस्कृत ‘गम्’, लॅटिन ‘वेनिओ’ म्हणजे येतो. संस्कृत ‘जीव’ (इथे त्या ग चा पुढे ज झाला), लॅटिन ‘वीवुस’. या हिशेबाने रोमन गाय ‘वोस’ व्हायला हवी होती. हा ब आला कुठून?

शेजारून. इटलीच्या डोंगराळ भागात ऑस्कन आणि अंब्रियन बोलणारे लोक होते, ते या ध्वनीचा सर्रास ब करत. लॅटिनचा ‘वीवुस’ ऑस्कनमध्ये ‘बिवुस’. गुब्बिओ गावात 1444 मध्ये सात कांस्यपत्रे सापडली. त्यांवर अंब्रियन भाषेत पूजाविधी कोरले आहेत. वेशीपुढे ज्युपिटरला काय अर्पण करायचं? ‘बुफ त्रेइफ’, तीन बैल. ‘त्रेइफ’मधले तीन आपल्यालाही ओळखू येतात.

म्हणजे रोमन लोकांनी जनावराचं नाव डोंगरातून उचललं. जनावरंही तिकडूनच येत असतील, आणि बाजारात विकणाऱ्याचाच शब्द चालतो. शिवाय लॅटिनमध्ये ‘वोस’ म्हणजे ‘तुम्ही’. बैल हाकताना केवढी पंचाईत!

लांडग्याचीही तीच गत. संस्कृत ‘वृक’, त्यावरून लॅटिनमध्ये ‘क्व’ यायला हवा, पण शब्द आहे ‘लुपुस’. क्वचा प करणं हीसुद्धा डोंगरातलीच खोड: लॅटिन ‘क्विस’ म्हणजे कोण, ऑस्कनमध्ये ‘पिस’. दंतकथेतला रोमचा संस्थापक रोम्युलस, त्याला दूध पाजणाऱ्या लांडगीचं नावच परकं! ई.स.पू. 91 मध्ये इटलीतली मित्रराष्ट्रं रोमवर उलटली, तेव्हा त्यांच्या काही नाण्यांवर बैल लांडग्याला शिंगांनी भोसकताना दाखवला आहे. दोन्ही जनावरांची रोमन नावं शत्रूकडचीच.

फक्त एक अडचण आहे. त्याच डोंगरातले, ऑस्कन बोलणारे सॅमनाइट लोक लांडग्याला ‘हिर्पुस’ म्हणत. हिर्पिनी या टोळीचं नाव त्यावरूनच पडलं. मग लुपुस नेमका कोणत्या गावचा? गाईचा माग सरळ गुब्बिओपर्यंत लागतो. लांडगा काही तसा सापडत नाही.